जुन्या सांगाड्यात नवे इंजिन

प्रस्तावना

घरातील शिवणयंत्र बिघडले, तर त्याचा एखादा भाग बदलून ते पुन्हा चालू केले जाते. विहिरीवरील पंपाचेही तसेच आहे. परंतु मोटारगाडीचे इंजिन निकामी झाले की गाडीचे आयुष्य संपले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सांगाडा भक्कम असेल तर इंजिन बदलून जुनी गाडी पुन्हा कामाला लावता येते. मात्र इंजिन हा गाडीचा सुटा भाग नव्हे. ते बदलले की ब्रेक, गिअर, पाटे आणि गाडीचे कागद या सर्वांचा नव्याने विचार करावा लागतो. प्रस्तुत पाठात या कामाची माहिती दिल्लीच्या रस्त्यांवरील एका प्रसिद्ध वाहनाच्या आधारे दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला
• दिल्लीतील फटफटीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल;
• पेट्रोल व डिझेल इंजिनांतील महत्त्वाचे फरक स्पष्ट करता येतील;
• इंजिन बदलण्याच्या कामाचा क्रम लिहिता येईल;
• या कामाशी संबंधित कायदेशीर जबाबदारी समजावून सांगता येईल.

मूळ पाठ

१. कॅनॉट प्लेसची फटफटी

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या एका रस्त्याचे नाव कस्तुरबा गांधी मार्ग असे आहे. पूर्वी हा रस्ता कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. २०१३ मध्ये उद्घाटन झालेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे दिल्लीस जाणाऱ्या मराठी माणसाला तो परिचित आहे. या मार्गाच्या एका टोकाला असलेल्या कॅनॉट प्लेसच्या परिसरातून कित्येक वर्षे एक विलक्षण तीनचाकी वाहन धावत असे. त्याच्या आवाजावरून लोकांनी त्याला ‘फटफटी’ हे नाव दिले होते.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, तेव्हा अमेरिकी सैन्याच्या अनेक हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली भारतात मागे राहिल्या व स्वस्तात विकल्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी देशाची फाळणी झाली आणि घरदार गमावलेली हजारो कुटुंबे दिल्लीत आली. त्यांना उपजीविकेचे साधन हवे होते आणि वाढत्या शहराला वाहतुकीचे. कुशल कारागिरांनी मोटारसायकलचा पुढचा भाग कायम ठेवला, मागे दोन चाकांचा सांगाडा जोडला आणि त्यावर बाके बसविली. युद्धासाठी घडविलेले यंत्र अशा रीतीने सहा-आठ प्रवाशांना नेणारे वाहन झाले. या व्यवसायात शीख चालकांची संख्या मोठी होती.

कालांतराने मूळ पेट्रोल इंजिने झिजली. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि इंधनाचा खर्चही परवडेना. तेव्हा मालकांनी त्या जागी डिझेल इंजिने बसविली. महाराष्ट्रातील विहिरींवर जशी इंजिने धडधडत असत, त्याच जातीची साधी, काटक आणि दुरुस्तीस सोपी अशी ही इंजिने होती. पुढचा दांडा, टाकी आणि ऐट जुन्या मोटारसायकलची राहिली. बळ मात्र दुसऱ्याच यंत्राचे आले.

२. जीप, पिकअप आणि डिझेल

असा बदल केवळ दिल्लीतच झाला नाही. महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी करून भारतात जीपचा प्रसार केला. या जीप पेट्रोलवर चालत. १९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलची जीप चालविणे सामान्य मालकाला जड जाऊ लागले. त्यानंतरच्या काळात असंख्य जुन्या जीपमधील पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेल इंजिन बसविण्यात आले. कंपनीनेही पुढे आपल्या जीपना डिझेल इंजिने दिली. फ्रान्समधील प्युजो कंपनीच्या नमुन्याचे इंजिन त्यांपैकी विशेष लोकप्रिय झाले.

१९८८ मध्ये टाटा कंपनीची ‘टाटामोबाइल’ ही पिकअप गाडी बाजारात आली. पुढे चालकाची खोली आणि मागे उघडा हौदा, अशा रचनेच्या गाड्या भाजीविक्रेते, दूधवाले आणि छोटे कंत्राटदार यांच्या उपयोगाच्या ठरल्या. अशा गाडीचे इंजिन बंद पडले, तर तिच्याबरोबर एका कुटुंबाची रोजची मिळकतही थांबते. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेला मालक म्हणूनच इंजिन बदलण्याचा विचार करतो. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात किंवा मुंबईत कुर्ल्याला जुन्या इंजिनाचा शोध घेणारे गिऱ्हाईक बहुधा अशाच गरजेपोटी आलेले असते.

पाठगत प्रश्न १
(अ) फटफटी हे वाहन कोणत्या दोन घटनांमुळे जन्माला आले?
(आ) मालकांनी पेट्रोल इंजिनाऐवजी डिझेल इंजिन का पसंत केले?

३. इंजिन बदलण्यापूर्वी

पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते की ती अतिशय तापते आणि त्या उष्णतेने डिझेल आपोआप पेट घेते. जुन्या जीपच्या पेट्रोल इंजिनात हवा साधारण सहा ते सातपट दाबली जाई, तर त्या काळच्या लहान डिझेल इंजिनात सुमारे वीसपट. एवढा दाब सोसण्यासाठी डिझेल इंजिन जाड आणि वजनदार करावे लागते. या एका फरकातून पुढील सर्व प्रश्न निर्माण होतात.

पहिला प्रश्न वजनाचा. जड इंजिनामुळे पुढचे पाटे दबतात, सुकाणू जड होते आणि ब्रेकवरील भार वाढतो. दुसरा प्रश्न जोडणीचा. इंजिन व गिअरबॉक्स वेगळ्या बनावटीचे असतील, तर त्यांच्यामध्ये अचूक घडविलेली जोडपट्टी लागते. दोघांचे आस किंचितही चुकले, तरी क्लच आणि बेअरिंग लवकर खराब होतात. तिसरा प्रश्न गतीचा. जुने डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर जास्त ओढ देते. मागील धुरीचे दातांचे प्रमाण त्याला जुळत नसेल, तर गाडी चढ सहज चढते, पण सपाट रस्त्यावर इंजिन उगाच ओरडते.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. अनेक गाड्यांत ब्रेक दाबण्यास मदत करणारा भाग इंजिनातील निर्वात ओढीवर चालतो. पेट्रोल इंजिनात ही ओढ आपोआप निर्माण होते. डिझेल इंजिनात ती पुरेशी नसते. त्यासाठी स्वतंत्र निर्वात पंप लागतो. तो न बसविता गाडी रस्त्यावर आणली, तर इंजिन उत्तम चालते, परंतु ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. भरलेल्या हौद्याच्या पिकअप गाडीत याचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नको.

म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वी सांगाडा तपासावा. हातोडीने ठोकल्यावर गंज पापुद्र्यांसारखा निघत असेल, किंवा पाटे बसविलेल्या जागी भेगा असतील, तर नव्या इंजिनावरील खर्च वाया जाण्याचा संभव असतो.

४. घरच्या अंगणातील काम

घरी काम करावयाचे असल्यास जमीन सपाट व पक्की असावी आणि वर इंजिनाचे वजन पेलणारा आधार असावा. प्रथम बॅटरीची जोडणी काढतात. मग इंजिन थंड असताना रेडिएटरमधील पाणी आणि इंजिनातील ऑइल निरनिराळ्या भांड्यांत काढून घेतात. प्रत्येक तारेला व नळीला चिठ्ठी बांधतात आणि निघालेले बोल्ट त्या त्या भागाच्या नावाने डब्यांत ठेवतात. बॉनेट व रेडिएटर काढल्यावर गिअरबॉक्सला खालून टेकू देऊन इंजिन चेन पुलीने उचलतात. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. गाडी नेहमी भक्कम घोड्यांवर ठेवावी, कारण जॅक हा उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे.

नवे इंजिन बसविताना त्याचे आधार आधी तात्पुरते जोडतात. पंखा रेडिएटरला घासत नाही ना, धुराडे डिझेलच्या नळीजवळ येत नाही ना, प्रोपेलर शाफ्टची लांबी व कल योग्य आहे ना, हे पाहूनच पक्के वेल्डिंग करतात. पेट्रोलची टाकी वापरावयाची असल्यास ती पूर्ण स्वच्छ करतात आणि पंपाकडून परत येणाऱ्या डिझेलसाठी वेगळी नळी बसवितात. पेट्रोलची वाफ साठलेल्या टाकीवर वेल्डिंग केल्यास स्फोट होऊ शकतो. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

इंजिन प्रथम चालू होते, तो क्षण आनंदाचा असतो. तथापि त्याच वेळी ऑइलच्या दाबाकडे लक्ष ठेवावे लागते. दाब दिसला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करतात. नंतर ते गरम होऊ देऊन गळती पाहतात, ब्रेक तपासतात आणि शेवटी मोकळ्या जागेत रिकामी गाडी हळू चालवून पाहतात.

पाठगत प्रश्न २
(अ) डिझेल इंजिन वजनदार का असते?
(आ) निर्वात पंपाचे काम काय?

५. गाडीचे कागद

सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले असतात. चासी क्रमांकावर घासकाम किंवा वेल्डिंग कदापि करू नये. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निर्णयात हे तत्त्व स्पष्ट केले. निराळ्या इंधनासाठी, सीएनजीसाठी किंवा बॅटरीवर चालण्यासाठी रूपांतर संच बसविण्याची तरतूद या कलमात आहे. परंतु तीही ठरवून दिलेल्या अटींवर. इंजिन बदलल्याची माहिती चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास द्यावी लागते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. जुने इंजिन विकत घेताना त्याची पावती आणि मूळ गाडीचा तपशील घ्यावा. अन्यथा चोरीच्या मालाचा संशय मालकावर येऊ शकतो.

६. शहराची हवा आणि माणसाची मिळकत

फटफटीचे इंजिन बदलता आले, पण तिचे भवितव्य शेवटी कारखान्यात ठरले नाही. दिल्लीची हवा इतकी दूषित झाली की सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कठोर आदेश दिले. जुनी व्यावसायिक वाहने रस्त्यावरून हटविण्यात आली आणि त्यांत फटफटीही गेली. शहरातील बसगाड्यांना सीएनजीचा वापर करण्यास सांगण्यात आले; २००२ च्या अखेरीपर्यंत हे परिवर्तन पार पडले. पुढे राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१४ व २०१५ मध्ये दिल्ली परिसरात पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांना आणि दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी करणारे आदेश दिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना दुजोरा दिला व २०२५ मध्ये त्यांच्या अंमलबजावणीत काही फेरबदल केले. गाडीचे वय नोंदणीपासून मोजले जाते. इंजिन नवे बसविले म्हणून गाडी तरुण ठरत नाही.

येथे दोन न्याय्य बाजू समोरासमोर येतात. चालकाला पोट आहे, आणि त्याच रस्त्याने जाणाऱ्या मुलाला फुप्फुसे आहेत. फटफटीने निर्वासितांची घरे उभी केली, हे खरे. तिचा धूर त्यांच्याच नातवंडांच्या श्वासात जात होता, हेही तितकेच खरे. उत्तम कारागीर म्हणूनच फक्त ‘हे इंजिन बसेल का?’ एवढेच विचारीत नाही. ते थांबेल का, कायद्याला मान्य होईल का आणि इतरांना त्याचा त्रास होईल का, हेही तो विचारतो. या प्रश्नांची उत्तरे अनुकूल असतील, तर जुनी गाडी भंगारात न टाकता वाचविणे हे काटकसरीचे आणि कौशल्याचे काम ठरते. उत्तरे प्रतिकूल असतील, तर तिला वेळीच निरोप देणे हेही कौशल्यच होय.

शब्दार्थ
सांगाडा – गाडीचा मूळ आधार, चासी. हौदा – माल ठेवण्याची मागील उघडी जागा. पाटे – धक्के सोसणाऱ्या पोलादी पट्ट्या. घोडी – गाडी टेकविण्याचा पक्का आधार. निर्वात – हवा नसलेले. काटक – टिकाऊ व सोशिक. दुजोरा देणे – पाठिंबा देणे.

स्वाध्याय
१. इंजिन बदलताना उद्भवणारे चार प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. ‘जॅक हा उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. ‘फटफटी’ हा ध्वनीवरून बनलेला शब्द आहे. असे आणखी पाच शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.
४. जुन्या वाहनांवरील बंदी योग्य आहे का? चालक आणि नागरिक या दोघांच्या बाजू मांडून दहा ओळी लिहा.
५. उपक्रम : परिसरातील एखाद्या वाहन कारागिराची मुलाखत घ्या आणि त्याने वापरलेले व्यवसायातील दहा शब्द अर्थासह नोंदवा.