मधमाशीचा दंश आणि घराजवळील मोहोळ : नागरिकांसाठी आरोग्य मार्गदर्शन

हे पत्रक चंडीगढला लागून असलेल्या मोहालीतील सेक्टर ६७ व परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे. त्यातील सूचना मात्र कोणत्याही शहरात वा गावात तितक्याच लागू पडतात. मोहरी आणि निलगिरी फुलण्याच्या काळात मधमाश्या उंच इमारतींचे छज्जे, पाण्याच्या टाक्या आणि मोठी झाडे यांचा आश्रय घेतात. त्यांच्याविषयी अचूक माहिती असल्यास बहुतेक दुर्घटना टाळता येतात, आणि दंश झालाच तर जीव वाचवता येतो.

मोहोळ ओळखा

छज्जाखाली वा उंच फांदीला उघडे लोंबणारे, मीटरभर रुंदीचे एकच पोळे हे आग्या मोहोळ होय. या माश्या आकाराने मोठ्या असून डिवचल्यास शेकडोंनी पाठलाग करतात. सातेरी माश्या भिंतीतील पोकळी, झाडाची ढोली किंवा बंद पेटी अशा अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधतात. फुलोरी माशीचे पोळे तळहाताएवढे असते व ते झुडपात आढळते. पेटीत पाळली जाणारी युरोपीय माशी पंजाबात सर्वत्र दिसते. फांदीवर घोस धरून बसलेला, पोळे नसलेला थवा हा बहुधा वाटेतील मुक्काम असतो. त्याला न छेडल्यास तो एकदोन दिवसांत निघून जातो.

दंश झाल्यास तत्काळ काय करावे

मधमाशीची नांगी दातेरी असल्यामुळे ती विषपिशवीसह त्वचेत अडकते आणि माशी निघून गेल्यावरही विष सोडत राहते. बहुतांश विष पहिल्या २० सेकंदांतच शरीरात उतरते. नांगी चिमटीत धरू नये, केवळ खरवडून काढावी, असे पूर्वी सांगितले जाई. १९९६ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, नांगी काढण्याच्या पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा आहे. म्हणून नखाने, चिमटीने, जसे जमेल तसे, परंतु लगेच काढा.

१. प्रथम त्या जागेपासून दूर जा. नांगीतून सुटणारा गंध इतर माश्यांना हल्ल्याचा इशारा देतो.
२. नांगी काढून जागा साबण व पाण्याने धुवा.
३. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवा. हातावर दंश असल्यास अंगठी व बांगड्या सूज येण्यापूर्वीच काढा.
४. वेदनेसाठी वयानुसार योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घेता येते.
५. चुना, तंबाखू, माती किंवा शेण लावू नका. लोखंड घासण्यात वेळ दवडू नका. यांनी विष उतरत नाही, उलट जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो.

दंशाच्या जागी सूज व खाज दोन दिवस वाढून नंतर ओसरणे हे सामान्य होय. दंश डोळ्यावर असल्यास नांगी स्वतः काढू नका. डोळा, तोंड किंवा घसा यांपैकी कोठेही दंश झाल्यास तत्काळ रुग्णालयात जा.

या लक्षणांत क्षणाचाही विलंब नको

काही व्यक्तींना मधमाशीच्या विषाची तीव्र अॅलर्जी असते. अशा व्यक्तीस एकच दंश प्राणघातक ठरू शकतो, आणि पूर्वीचा दंश निर्धोक गेला म्हणून पुढचाही तसाच जाईल असे नाही. पुढील लक्षणे बहुधा काही मिनिटांतच दिसतात : सर्वांगावर गांधी उठणे, ओठ वा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास लागणे, उलट्या, चक्कर, शुद्ध हरपणे.

अशा वेळी १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधा. रुग्णास आडवे झोपवून पाय उंच करा. श्वास घेण्यास त्रास होत असल्यास टेकून बसवा, परंतु उभे करू नका अथवा चालवू नका. यावरील जीवरक्षक औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत दिले जाणारे अॅड्रेनलिनचे इंजेक्शन. अॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. गोळीचा परिणाम पाहत घरी थांबणे हीच सर्वांत घातक चूक होय. बरे वाटल्यानंतरही लक्षणे काही तासांनी परतू शकतात, म्हणून डॉक्टर सांगतील तितका वेळ रुग्णालयातच राहावे.

एकाच वेळी अनेक दंश झाल्यास अॅलर्जी नसतानाही विषाच्या प्रमाणामुळे स्नायू व मूत्रपिंड यांना इजा होते. मुले, वृद्ध व हृदयरुग्ण यांना कमी दंशांतही धोका असतो. लघवीचा रंग गडद तपकिरी झाल्यास वा तिचे प्रमाण घटल्यास लगेच तपासणी करून घ्या.

माश्यांनी हल्ला केल्यास

हात झटकू नका, एका जागी उभे राहू नका. चेहरा व डोके कापडाने झाकून सरळ धावा आणि इमारतीत अथवा मोटारीत शिरून दारे-खिडक्या बंद करा. पाण्यात उडी मारू नका : माश्या वर घिरट्या घालत थांबतात व बुडण्याचा धोका वाढतो.

मोहोळ हटवायचे असल्यास

दगड मारणे, फटाके लावणे, टेंभा पेटवणे वा कीटकनाशक फवारणे यांमुळे संपूर्ण परिसरावर संकट ओढवते. घारीसारख्या पक्ष्याच्या झडपेनेही आग्या मोहोळ उठते. म्हणून पोळ्याखालील वाट तात्पुरती बंद करा, मुलांना दूर ठेवा, रात्री लगतच्या गच्चीतील दिवे मालवा, आणि सोसायटीमार्फत प्रशिक्षित मधपाळास बोलवा. पोळे हटवल्यावर मेणाचे अवशेष खरवडून जागा धुवावी, कारण त्या वासाने नवा थवा तेथेच येतो. भिंतीतील भोके ती रिकामी असल्याची खात्री करूनच बुजवा.

मधमाशी परागीभवनाद्वारे आपल्या अन्नाची सोय करते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ पासून ‘मधाचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथील कुटुंबे मधमाश्यांच्या सहवासात उपजीविका करतात. आपणही तिच्यापासून योग्य अंतर राखावे, आणि आजच घरातील प्रत्येकास दोन गोष्टी सांगाव्यात : नांगी त्वरित काढणे, व श्वास लागताच १०८ ला दूरध्वनी करणे.