गावाचं पुस्तक लिहिताना

वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीत जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करून त्यांचं पुस्तक करताना जे उमगलं, ते पहिल्यांदाच लिहायला बसलेल्यांसाठी मांडतो.

१. पहिला खर्डा कानानं लिहावा. आजी ‘मले’, ‘तुले’ म्हणाल्या तर तसंच उतरवावं. फोन असे शब्द आपोआप ‘सुधारतो’. ती सोय आधी बंद करावी. उलंगवाडी, डवरणी, धुरा यांना पर्याय शोधू नयेत. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातल्या वऱ्हाडीनं मराठी वाचक कुठे अडला? निवेदनाची भाषा मात्र एकदा ठरवावी आणि शेवटपर्यंत पाळावी.

२. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवाव्यात. हे धाडस मला म्हाइंभटांनी दिलं. तेराव्या शतकात, इथून फार लांब नसलेल्या रिद्धपुरात, त्यांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. पुढे परचक्रात मूळ पोथी गेली. शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली, तेव्हा पाठ वेगळे निघाले. हिराइसेचा पाठ तर तिच्या नावानंच ओळखला जातो. कोण काय सांगतं हे आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी इतक्या निष्ठेनं जपलं गेलं. मग विहीर कोणी खोदली यावर दोन म्हाताऱ्यांचं जमत नसेल, तर आपण न्यायाधीश कशाला व्हायचं? कोण काय म्हणालं ते नावानिशी लिहावं.

३. सालं मात्र कसून तपासावीत. माणसं साल सांगत नाहीत, “दुष्काळाच्या आंदी” म्हणतात. १९७२ चा दुष्काळ ही खूण धरली की लग्नं, बाळंतपणं, घरं एका रांगेत लागतात. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या प्रसंगात आपण अकोला जिल्ह्यात आहोत. १९५६ पूर्वी वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं आणि राजधानी नागपूर होती. म्हणून आजोबा कचेरीच्या कामाला नागपूरला गेले असतील, तर तिथे मुंबई घालू नये.

४. कात्री आधी स्वतःच्या वाक्यांवर चालवावी. आजींचं बोलणं संपल्यावर आपण जोडलेला परिच्छेद बहुतेक वेळा निरुपयोगी असतो.

५. मुद्रितं कागदावरच तपासावीत. युनिकोडमधला मजकूर छापखान्याच्या फाँटमध्ये गेला की रफार आणि जोडाक्षरं बिघडतात.

६. छपाईला देण्याआधी ज्याची आठवण त्याला वाचून दाखवावी. तारखेची चूक तिथेच सापडते. एखादी बाई म्हणते, “बाप्पा, हे नाव नको टाकू.” प्रसंग कितीही रंगलेला असो, ते नाव काढावं. पुस्तक निघाल्यावरही त्या बाईला त्याच गल्लीत राहायचं आहे.