न ओतता ऑईल वाढले, तर गाडी थांबवा

सभासद बंधूंनो, हंगामात ट्रक बंद पडला की तोडलेला ऊस फडातच वाळतो आणि वजन आपलेच घटते. म्हणून ट्रकवाल्या सभासदांना आम्ही सांगतो, रोज सकाळी इंजिन थंड असताना, सपाट जागी ऑईलची पट्टी पाहा.

ऑईल कमी झाले की सगळेच घाबरतात. न ओतता वाढले तर खूष होतात. खरा धोका तिथेच! थेंब बोटावर चोळा. पातळ लागून डिझेलचा वास आला, तर नोझल किंवा पंपाकडून डिझेल आत गळते आहे, असे बहुधा समजावे. ऑईल दुधाळ दिसले तर पाणी शिरले. दोन्ही वेळी इंजिन चालवू नये, बेअरिंग जातात. आधी गळती काढावी, मगच ऑईल-फिल्टर बदलावे.