संकल्प मोठा नको, नेमका हवा



मृग जवळ आला की प्रत्येक घरात ठरते, "यंदा भात जास्त काढायचे." ही इच्छा चांगली, पण ते उद्दिष्ट नव्हे. जास्त म्हणजे किती, कोणत्या शेतात, कोणत्या तारखेपर्यंत, किती माणसांच्या बळावर, हे ठरलेलेच नसते. मग खत उधारीवर येते, लावणी घाईत उरकते आणि सुगीला नेमके काय चुकले ते कळत नाही. उधारी मात्र राहते.

उद्दिष्ट ठरवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाऊस किती पडेल, लोंबीत दाणे किती भरतील, हे आपल्या हाती नाही. बी निवडणे, ओळ धरणे, वेळ पाळणे आपल्या हाती आहे. म्हणून उद्दिष्ट उत्पन्नाचे न ठेवता कामाचे ठेवावे.

शास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती उदाहरणादाखल घेऊ. सगळ्या शेतात ती एकदम करू गेल्यास माणसे कमी पडतील. म्हणून लावणीचे भात करणाऱ्यांनी पहिल्या वर्षी फक्त ५ गुंठ्यांचा संकल्प करावा:

१. बी : २ किलो पुरे. ३ लिटर पाण्यात ९० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात ओतावे. तरंगणारे पोचट बी काढून टाकावे. तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.

२. रोपे : अर्धा गुंठा जागा. मातीत भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. पेरणीची तारीख लिहून ठेवावी व २१ ते २५ दिवसांत लावणी करावी.

३. पाला : गिरिपुष्पाचा हिरवा पाला सुमारे १५० किलो, लावणीच्या आठवडाभर आधी शेतात पसरावा व चिखलणीत गाडावा.

४. लावणी : दोरीवर १५ आणि २५ सें. मी. अंतरावर आळीपाळीने खुणा कराव्यात. ओळींतील अंतरही तसेच ठेवावे. एका चुडात दोन-तीनच रोपे लावावीत.

५. खत : जवळच्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, ७ ते १० सें. मी. खोल, लावणीच्याच दिवशी खोचावी. ५ गुंठ्यांना सुमारे साडेआठ किलो गोळ्या लागतात. त्या आधीच आणून ठेवाव्यात.

दोरीने लावताना पहिल्या खेपेस वेळ जास्त लागतो. त्या दिवसासाठी चार-पाच माणसे अगोदर सांगून ठेवावीत. कोणते काम कोणी व केव्हा करायचे, हे घरात सर्वांसमक्ष ठरवून दिनदर्शिकेवर लिहावे. लिहिलेले काम विसरत नाही आणि एकट्या घरधनिणीच्या अंगावरही पडत नाही.

त्याच शेतातील दुसरे ५ गुंठे, त्याच जातीचे भात, नेहमीच्या रीतीने करावे. कापणी, मळणी वेगळी करावी. दोन्हीकडचे धान्य वाळवून तोलावे आणि खर्चही मांडावा. फायदा दिसला तर पुढच्या वर्षी १० गुंठे करावेत. न दिसला तर पाचांपैकी कोणते काम राहून गेले किंवा उशिरा झाले, ते लिहिलेल्या तारखांवरून पाहावे.

असा संकल्प फसला तरी ५ गुंठ्यांपुरताच फसतो. वर्षाचा तांदूळ घरात राहतो आणि पुढचे पाऊल कोठे टाकायचे ते कळते.