‘ज्ञा’ने बंद पाडलेला फोन

मुलांनो, आपल्या वर्गात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, “आमच्या घरी फक्त ॲपल!” दुसरा म्हणतो, “आम्ही विंडोजवाले!” संगणकाच्या व्यवसायात असलेले आम्ही काही पालकही याला अपवाद नाही. म्हणून या खेपेचा पाठ याच विषयावर.

एखाद्या कंपनीवरच्या अशा विश्वासाला ‘निष्ठा’ म्हणतात. आपल्या शेजारच्या वॉटर्लूच्या ब्लॅकबेरी फोनवर अनेकांची अशीच निष्ठा होती. पण ४ जानेवारी २०२२ पासून कंपनीने त्या जुन्या फोनांची सेवा थांबवली. त्यावरून साधा फोन लागेल, याचीही खात्री उरली नाही.

दुसरी गोष्ट फेब्रुवारी २०१८ची. आयफोनवर तेलुगू लिपीतले ‘ज्ञा’ हे अक्षर विशिष्ट प्रकारे लिहून आले, की संदेशांचे ॲप बंद पडे. असे का व्हावे? आपला ‘ज्ञ’ संगणक एकसंध साठवत नाही. ज, हलन्ताचे चिन्ह आणि ञ अशी तीन चिन्हे साठवतो आणि पडद्यावर दाखवताना जोडतो. तेलुगूतही तसेच. चूक होती ती या जोडणीत. १९ फेब्रुवारीला आलेल्या आयओएस ११.२.६ या अपडेटने ती दुरुस्त झाली.

म्हणजे चूक अपडेटमधून येऊ शकते आणि जातेही अपडेटनेच. “अपडेट नकोच” म्हणणे म्हणजे दाराचे मोडके कुलूप तसेच ठेवणे. पण “आमची कंपनी चुकतच नाही” हेही खरे नव्हे. फक्त इंग्रजी लिहिणाऱ्याला जोडाक्षरांची चूक दिसणारच नाही. ती आपल्याला दिसते, म्हणून कंपनीला कळवणेही आपलेच काम. निष्ठा ठेवायची तर आधी आपल्या अक्षरांवर ठेवू या.

पालकांसाठी : अपडेटआधी आजी-आजोबांची पत्रे व फोटो यांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या आदल्या रात्री अपडेट करू नये.

शब्दार्थ
निष्ठा – दृढ विश्वास
जोडाक्षर – दोन किंवा अधिक व्यंजने जोडून झालेले अक्षर
प्रत – मूळ मजकुराची नक्कल

गृहपाठ
१. पुढच्या अपडेटनंतर हे शब्द टाइप करा : ज्ञान, लक्ष्मी, कृष्ण, वाऱ्यावर. अक्षरे नीट जुळतात का?
२. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ लिहा. पडद्यावर ते वेगळे दिसतात का? यांतला समुद्र कोणता आणि डोंगरांमधल्या खोल जागा कोणत्या, ते आईबाबांना सांगा.