भाऊ दुबईत, दुकान राळेगावात: पैशाचे ३ नियम

भावाची दुबईत नोकरी आणि तुम्ही दोघं मिळून राळेगावात सरकी-ढेपेचं दुकान टाकताय? मग हे वहीत लिहा.

१. नोकरीसाठी परदेशी गेलेल्याला साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्या.

२. तिकडचा पगार एनआरई खात्यात घ्या. त्याच्या व्याजावर इथे आयकर नाही. एनआरओच्या व्याजावर लागतो.

३. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. भावाच्या नावाने गोडाऊनची जागा घेताय? आधी सातबारा बघा, जागा एनए आहे का?

आणि भावाने दिलेले पैसे उसने की भांडवल, हे आजच कागदावर लिहून सह्या करा. नाहीतर तो सुट्टीत घरी आला, की जेवताना हिशेब निघतो आणि नातं तुटतं.