नोंद बदलण्यापूर्वीचे दोन प्रश्न

१९६३ साली बिकानेर आणि जयपूर येथील दोन स्टेट बँका एकत्र येऊन ‘स्टेट बँक ऑफ बिकानेर अँड जयपूर’ अस्तित्वात आली. जयपूरला मुख्य कार्यालय असलेली ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी इतर चार सहयोगी बँका व भारतीय महिला बँक यांच्यासह भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. शाखांच्या आयएफएससी संकेतांकांतील ‘एसबीबीजे’ ही आद्याक्षरे जाऊन ‘एसबीआयएन’ आली. अशा प्रसंगी असंख्य नोंदी बदलाव्या लागतात. परंतु नोंद बदलण्यातील खरा धोका एका साध्या पत्त्यातही दडलेला असतो.

समजा, एका शाखेत सकाळी अकरा वाजता कर्मचाऱ्याने पत्ता बदलण्यासाठी ग्राहकाची नोंद पडद्यावर उघडली. दोनच मिनिटांनी त्या ग्राहकाने एटीएमवरून आपला नवा मोबाइल क्रमांक नोंदवला. त्यानंतर कर्मचाऱ्याने पत्ता भरून नोंद जतन केली. संगणकाने पडद्यावरील संपूर्ण नोंद जशीच्या तशी लिहिली, तर नव्या पत्त्यासोबत जुना मोबाइल क्रमांकही परत येतो. यापुढे ओटीपी त्या जुन्या क्रमांकावर जाणार. आणि तो क्रमांक पुढे दुसऱ्या कोणास दिला गेला, तर खात्याची किल्ली परक्या हाती पडण्याचा धोका उद्भवतो.

जुन्या काळी खातेवही एका वेळी एकाच्याच हाती असे. संगणकात तीच नोंद एकाच वेळी अनेकांसमोर उघडी असते. म्हणून जतन करण्यापूर्वी संगणकाने दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न : येथे खरोखर काही बदलले आहे काय? नोंद उघडताना तिची मूळ प्रत राखून ठेवावी आणि जतन करताना प्रत्येक रकाना तिच्याशी ताडून पाहावा. फरक नसल्यास काहीच लिहू नये; असल्यास तेवढाच रकाना लिहावा. त्यामुळे लेखापरीक्षणासाठी खऱ्या बदलांचा माग स्वच्छ राहतो.

दुसरा प्रश्न : दरम्यान अन्य कोणी ही नोंद बदलली आहे काय? यासाठी प्रत्येक नोंदीस आवृत्ती क्रमांक देतात. नोंद उघडताना तो ७ असेल, तर ‘आवृत्ती अद्याप ७ असेल तरच लिही आणि ती ८ कर’ अशी आज्ञा दिली जाते. तपासणे आणि लिहिणे ही एकच अखंड कृती असावी लागते. वरील उदाहरणात मोबाइल क्रमांक बदलताच आवृत्ती ८ झालेली असते. म्हणून कर्मचाऱ्याचे लेखन नाकारले जाते. तो नोंद नव्याने उघडतो, नवा क्रमांक कायम ठेवून पत्ता भरतो आणि आवृत्ती ९ होते.

नोंद उघडताच तिला कुलूप लावणे हाही एक उपाय आहे. मात्र त्यात इतरांना ताटकळावे लागते.

सुज्ञ ग्राहकानेही कोणताही तपशील बदलल्यावर उर्वरित तपशील पूर्ववत आहेत ना, हे पाहून घ्यावे. न मागितलेल्या बदलाचा लघुसंदेश आल्यास शाखेस तत्काळ कळवावे.